भोक आधी मोठं करायचं

विलमिना आत्या गेलं वर्षभर
जाळं विणायच्या सुईला सुई म्हणाली नाही.
"ती काडी दे," म्हणायची,
"ती निळी," किंवा नुसतंच "ते."
मी मुकाट्यानं द्यायचो.
अख्ख्या फ्रेझरबरा बंदरात इतक्या हळुवारपणे
माझ्याशी दुसरं कोणी वागलं नाही.

दोनशे बारा दिवस.
रोज सकाळी औषधाच्या दुकानात
हिरवं पातळ औषध, वर अर्धा पेला पाणी,
आणि खरंच गिळलंय हे कळावं म्हणून
काउंटरवरच्या बाईशी हवापाण्याचे चार शब्द.
"आज वारा उत्तरेचा."
"हो, आज बोटी आतच."
दोनशे बारा सकाळी मी हवेबद्दल बोललो.

त्यानंतरचा दिवस मंगळवार होता.
दवाखान्यातल्या ग्रीव्हबाईंनी विचारलं, "कशानं झालं?"
मी म्हटलं, "मंगळवारनं."
दुसरं काही हाताला लागतच नव्हतं.

जुन्या मापानं घेतलं.
अंग मात्र आता नवं होतं, त्याला ते झेपलं नाही.
जाळ्यांच्या माळ्यावर आत्याला मी सापडलो,
ओठ शिंपल्यासारखे निळे.
चहाच्या जुन्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांमागं,
तिनं नाकात मारायचा फवारा ठेवला होता.
वर्षभर.
"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता?" मी नंतर भांडलो.
"जाळ्यावर आहे की माझा विश्वास," ती म्हणाली,
"म्हणून काय दोरा घरात ठेवू नको?"

गाव म्हणालं, पहिले पाढे पंचावन्न.
भाऊही तेच म्हणाला, फक्त दार लावून घेऊन.
पंचावन्न तर पंचावन्न.
पण मग ते दोनशे बारा कुठं गेले,
कोणाच्या खात्यात,
हे मी कोणाला विचारलं नाही.

सोमवारी एक जाळं आलं,
बुडालेल्या बोटीच्या लोखंडाला अडकून फाटलेलं.
डोकं जाईल एवढं भोक.
मी काठापासून विणायला घेतलं,
तर आत्यानं हातावर चापट मारली.
"लोंबत्या धाग्याला काय गाठ मारतोस?
उद्या तिथंच उसवेल.
आधी काप.
तीन पायांची धड गाठ लागेतो कापत जा."

मी कापत गेलो.
डोक्याएवढं भोक दाराएवढं झालं.
माझ्या पोटात गोळा आला.
ती म्हणाली, "हं. आता दिसलं, कुठवर फाटलंय ते."

रात्री झोप नव्हती, तेव्हा मंगळवार कापला.
त्याच्या मागं रविवार: फोन वाजला, मी नुसता बघत बसलो.
त्याच्या मागं दोन आठवडे,
मोरीपाशी उभ्यानंच जेवण, तेही डब्यातून.
त्याच्या मागं घरी जायचा नवा रस्ता,
डॉडच्या दारावरून.
जवळचा पडतो, असं मी स्वतःलाच सांगितलेलं,
आणि तो लांबचा आहे.
त्याच्या मागं दोनशेवा दिवस.
ग्रीव्हबाईंनी केक आणला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
आणि मला वाटलं, झालं, संपलं.
हा धागा सगळ्यात जास्त लोंबत होता
आणि दिसायला सगळ्यात चांगला होता.

त्याच्याही मागं जूनमधली एक संध्याकाळ.
आत्या नि मी माळ्याच्या पायरीवर,
कागदातला धुरावलेला हॅडॉक, बोटांना तेल,
ती तिच्या मेलेल्या नवऱ्याची नक्कल करत होती,
मी हसता हसता ठसकलो.
ही गाठ ओढून पाहिली.
बसलेली होती.

आज सकाळी निळा दोरा संपला.
उरलेलं ठिगळ नारिंगी पडणार.
"माशाला रंग कळतो का?" मी विचारलं.
"कळत असेल," आत्या म्हणाली, "मला काय माहीत?"

मग हात पुढं करून, माझ्याकडं न बघता,
"सुई दे."

मी दिली. माझा हात थरथरला.
तिचाही.
वय झालं, म्हणाली.