सतरा भागिले साठ

महालेखापाल कार्यालयात तेहेतीस वर्षं
दुसऱ्यांचे आकडे तपासले, म्हणून असेल,
अंबोरकरांच्या छापात मला आधी चित्र दिसलंच नाही.
दिसला डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा,
सतरा भागिले साठ,
आणि वाटलं, हा माणूस हिशेब ठेवतो.

साठ निघाले की दगड घासून कोरा.
एकसष्टावा नाही म्हणजे नाही.

एरिअर्समधून दोन घेतले, ग्रॅच्युइटीतून तीन.
सहावा मिळेना. 'भर दुपार':
भिंत, तिला टेकवलेली सायकल,
आणि असा एक पिवळा, म्हणे, की डोळे मिटावेत.

माझे पाचही स्टीलच्या सपाट खणात, अंधारात.
नागपूरचं ऊन काय करतं
ते पडद्यांवर पाहिलंय मी.
ही म्हणते, पाहुण्यांना आधी हातमोजे वाटता तुम्ही,
प्रसादासारखे.

मे महिन्यात कळलं, गोळीबार चौकात हेडाऊंकडे आहे.
डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघालो,
एका खिशात कांदा, दुसऱ्यात चेकबुक.

होता.
कूलरच्या वर, खिळ्याला.
पिवळा उडून ताकासारखा झालेला,
आणि चारही बाजूंनी कापलेला.
"फ्रेम लहान होती नं भाऊ, जुनी.
गांधीबागेतल्या पोट्ट्यानं कापून बसवलं."
सही? आकडा?
"खालचा कोराच तर कागद होता."

द्रौपदाबाईंनी माठातलं पाणी दिलं.
"आमचे हे थो दगड घासत तिथं.
वाळू टाकून, पाणी टाकून, दिवसभर.
रातच्याला खांद्याले मीच तेल लावो.
पोरीच्या बारशाले देल्लं हे सरानं.
सायकल यांचीच हाये थे."

मी जवळ जाऊन पाहिलं.
मागच्या चाकाला चिखलरोधक नव्हता.
कॅरिअरवर काहीतरी सुतळीनं बांधलेलं,
डबा असावा.

चेकबुक काढलं नाही.

रात्री खण उघडला. पाचही करकरीत,
जणू कुणी बघितलेच नाहीत.
मग वहीत नोंद केली:
सहावा. क्रमांक नाही.
ठिकाण, गोळीबार चौक.
स्थितीच्या रकान्यात पेन्सिल बराच वेळ अडली,
शेवटी लिहिलं, वापरात.

कांदा खिशातच राहिला होता.
हिनं तो झुणक्यात चिरला.