कारण

सोहारच्या बंदरात, कंपनीच्या मेल सर्व्हरवर
मी रोज रात्री अँटिव्हायरस चालवायचो.
हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची
आणि मी तिच्याकडे बघत डबा खायचो.

मुनाफ हमदुले, तीन नंबरच्या क्रेनवरचा,
दारात उभा. हेल्मेट काखेत.
"साहेब, घरचा मेल आलाय म्हणतात,
तुमच्या मशीननं धरून ठेवलाय."

होता खरा. पाठवणारा मंडणगडचा फोटो स्टुडिओ.
सोबत एक फाइल, फाइलच्या पोटात किडा.
नियम म्हणतो, पुसून टाका.
मी नियम सांगितला.
तो म्हणाला, "सतरा दिवसांची झाली आज."
एवढंच. गेलाही नाही.

मग गोदामातला जुना कॉम्प्युटर काढला,
वाळूने पंखा खरखरणारा.
नेटची वायर उपटली, दार लोटलं,
फाइल उघडली.

वरून खाली, ओळीओळीने उतरत आली ती.
आधी टोपडं, मग कपाळ,
काजळाची तिरकी तीट,
एक डोळा मिटलेला,
दुसरा फ्लॅशवर रागावलेला.
मुनाफने पडद्यावरची धूळ
बाहीने पुसली. दोनदा.

ओठांपर्यंत आली
आणि पडदा निळा झाला.
पुन्हा सुरू झालाच नाही.

"हनुवटी आमच्या आईची असणार,"
तो म्हणाला, हेल्मेट घातलं,
शिडीकडे गेला.

भंगाराच्या अर्जात एक रकाना असतो: कारण.
मी लिहिलं,
उष्णता.