कप क्रमांक चौदा

केळीच्या दोन ओळींमध्ये, ठिबकच्या नळीपासून वीतभर लांब
मी लस्सीचे कप पुरलेत, काठ मातीला लावून,
तळाशी बोटभर साबणाचं पाणी.
रात्री जे चालतं ते यात पडतं.
सकाळी मी मोजते.

"काय शोधू राहिल्या ताई?"
लुकमान तडवी. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करणारा,
खांद्यावर फावडं, कानाला मफलर.
"किडे."
"आमचे किडे पानावर राहता. तुम्ही खाली पाहू राहिल्या."

खालीच आहे तो.
करंगळीच्या नखाहून थोडा मोठा,
डोकं हळकुंडासारखं, पाठ काळी,
पाठीवर तिफणीच्या तासांसारख्या रेघा,
मधोमध एक तुटका पिवळा पट्टा,
आणि कवच शेपटाआधीच संपलेलं,
धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखं.
दिवसा मोर नदीच्या ओलीत, एका दगडाखाली दहाबारा जण
पायांत पाय घालून पडलेले.
अंधारात एकेकटे.
उडण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पळतात.
मेलेली गोगलगाय चालते, जिवंत अळी चालते.

त्याचं बालपण मात्र मी कुणाला जेवताना सांगत नाही.

फावड्यासारख्या पायांचा एक रातकिडा असतो,
ओल्या मातीत बोगदे खणणारा.
बोगद्याच्या तळाशी गोल कोठडी, कोठडीत अंडी,
भिजवलेल्या साबुदाण्यासारखी.
याची अळी वास काढत तिथवर जाते
आणि एकेक फोडते.
पोट भरत जातं तसे पायही आखडतात.
आता कुठे जायचंय?
वर, बोगद्याच्या तोंडाशी
बाप गात असतो.

लुकमान म्हणतो, ते गाणं त्याला ठाऊक आहे,
दांडातलं पाणी पोचलं की बंद पडतं.
खालचं मी त्याला सांगितलं.
तो बराच वेळ बिडी न पेटवता उभा राहिला.

कप चौदात केळीच्या सोपटाचा तुकडा पडला होता.
त्यावर तो बसलेला, कोरडा,
मिशा पुसत.
मी दोन बोटांत उचलला.

टप्.

ओल्या फटाकडीएवढा आवाज, धूर, चटका,
दवाखान्यातल्या जुन्या बाटलीचा वास.
पोटात दोन रसायनं वेगळी सांभाळतो,
वेळ आली की तिसऱ्या खोलीत गाठ घालून देतो,
ती उकळतात.
एवढ्याशा देहात उकळतं पाणी, आणि स्वतः भाजत नाही.
मी मात्र ओरडले.
मोटारीकडून लुकमान धावत आला, साप समजून.

बोट उघडलं होतं. तो गेला.
पंधराव्या कपाला वळसा घालून,
पाचटाखाली.

रजिस्टरमध्ये लिहिलं: कप १४, रिकामा.
आत्यानं विचारलं, मतदान कधी झालं गं तुमच्याकडे?
साबण लावला, लिंबू चोळलं, राख घासली.
तपकिरी डाग जागचा हलेना.

सोमवारी झांबरे सरांनी रजिस्टर मागितलं.
मी त्याच हातानं दिलं.
त्यांनी आधी पान पाहिलं, मग बोट,
चष्मा कपाळावर ढकलला,
आणि "रिकामा"वर बारीक रेघ ओढून
पेन्सिलनं लिहिलं:
एक.