टक्के

जावयानं पुण्याहून पाठवलं एक पांढरं डबडं,
साबणाच्या वडीएवढं.
टाकीच्या झाकणाला आतून चिकटवायचं.
ते दिवसरात्र पाण्याकडं बघत बसतं
आणि खाली फोनवर सांगतं,
किती टक्के उरलंय.

सांगायला त्याला वायफाय लागतो,
वायफायला लाईट लागते,
लाईट मंगळवारी दुपारभर नसते.
आणि पाणी?
आमच्या अशोक चौकामागच्या बोळात
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.

ती बातमी आजवर रेवणसिद्ध आणायचा, चावीवाला.
हातातली लांब लोखंडी चावी
विजेच्या खांबावर तीनदा हाणायचा,
"उठा की अण्णा, पाणी सोडलालोय!"
त्याला चार्जिंग लागत नाही.
दिवाळीला एक टॉवेल लागतो, तोही सेकंडचा चालतो.

मी टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं जॉबर.
बत्तीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा अडखळतोय, दारातून सांगायचो.
टाकी तर काय, बोटाच्या पेरानं वाजवली की कळायची.
ठण्ण वाजतं तिथवर हवा,
ठप वाजतं तिथून पाणी.
फक्त गच्चीवर चढायला लागायचं.
"गुडघे, मामा," जावई म्हणाला.
गुडघ्यांबद्दल तो खोटं बोलत नाही.

लावलं.
तिसऱ्या रात्री फोन ओरडला,
टाकीत वीस टक्के. कृपया पाणी भरा.
भरा!
जणू उजनीची चावी
मी कडोसरीला खोचून झोपलोय.

इथवर चेष्टा होती.
मग थोरली मेव्हणी आली भिवंडीहून, नागमणी.
शिकेकाईनं केस धुवायला बसली.
मी कॉटवर, फोन हातात.
एकाहत्तर.
मोरीत तांब्या वाजला. अडुसष्ट.
ती आत तेलुगूत काहीतरी गुणगुणत होती,
आम्ही लहानपणी ऐकलेलं.
मी ते ऐकत नव्हतो.
बाहेर आली, केसांना पंचा गुंडाळत म्हणाली,
"अंबादासराव, मॅच बघताय? स्कोअर काय?"
"पासष्ट," मी म्हणालो.
आणि मान वर करवेना.

गेल्या उन्हाळ्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
गॅसवाल्या पोराला तांब्याभर पाणी दिलं होतं.
तांब्या किती टक्क्यांचा, तेव्हा ठाऊक नव्हतं.
परवा तोच पोरगा आला, तसाच घामेजलेला.
दिलं, पण देताना फोनकडं बघितलं.
आकडा हललासुद्धा नाही.
मी मात्र बघितलं.

काल काढून टाकायचं म्हणून गच्चीवर चढलो.
गुडघे पायरीपायरीला बोलले.
टाकी वाजवली. ठण्ण, ठण्ण, ठप.
निम्म्याच्या जरा खाली.
फोन बघितला: अठ्ठेचाळीस.
बरोबर सांगतंय की लेकाचं!
चुकलं असतं तर केव्हाच भिरकावलं असतं.
झाकण लावलं, खाली आलो.
सेल कधीतरी संपेलच.

रात्री अडीचला खांब वाजला.
बोळात दिवे लागले, मोटारी घुरघुरल्या,
कुणाची तरी बादली पायरीवरून गडगडत गेली.
चार मिनिटांनी उशाचा फोन उजळला,
अभिनंदन. टाकी भरत आहे.
भूदेवी दुसरा हंडा उचलता उचलता म्हणाली,
"त्याला म्हणावं, जागाच हाईस तर
ही एक कळशी धर."