मे महिन्याची यादी, पौषात

बांध्यांत लाखोळीला निळी फुलं आलीत
आणि मी मे महिन्याचं विचारत फिरतेय.
पिशवीत एक वही, दोन पेनं,
त्यातलं एक थंडीनं उठतच नाही.

"मे? आताच काहून जी मॅडम?"
टेंभुर्णे सर शेकोटीवर हात धरून हसतात,
"तवरिक कोन कुठं राहीन!"
चेतना बोपचेच्या भावाचं लग्न आहे,
तारीख निघाली नाही,
पण निघेल ती नेमकी त्याच दहा दिवसांत.
कुथे सरांना कूलर हवाय. लेखी.

मी कुणाला खोटं पाडत नाही.
मलाही असंच बोलावलं होतं एकदा,
रात्री साडेदहाला मोबाईलवर आदेश:
उद्या दहाला हजर, डबा सोबत आणावा.
दहा दिवस गरगरत्या पंख्याखाली
शेवटच्या बाकावर बसून
मी किराण्याची यादी केली,
खोडली, पुन्हा केली.
प्रमाणपत्र मिळालं. नाव चुकलेलं.

म्हणून यंदा पौषात.
म्हणून ओढ्यापाशी स्कूटी ठेवून पायी.

पलीकडच्या शाळेत एकटेच गुरुजी, दसरू नरोटे.
चार वर्ग, एक खोली, पाढ्यांना वऱ्हांडा.
त्यांनी वही घेतली, नाव लिहिलं नाही.
"शिकवणार काय?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"तुम्हाला काय हवंय?"
हे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले.
बाहेर एक पोरगी हातपंप हापसत होती,
दांड्याबरोबर स्वतःही वर जात.
"ही माझ्याशी गोंडीत भांडते दिवसभर.
पुस्तक उघडलं की मुकी.
मेमध्ये आईसंगं तेंदूपानाला जाईल,
शाळा उघडली की येईल.
तोवर मला काहीतरी सापडलं पाहिजे.
तुम्ही पण शोधा. पाच महिने आहेत."

मी ते सगळं लिहून घेतलं,
जागा पुरली नाही म्हणून समासात,
मग नावाच्या रकान्यात.

येताना टेंभुर्णे सर रस्त्यावर उभे.
शेकोटीची राख झालेली.
"लिवा जी माझं. पेन्सिलीनं."
पेन्सिल नव्हती.
न उठणारं पेन मी दोन्ही तळव्यांत घोळलं,
वाफ दिली तोंडाची,
आणि ते उठलं.