सानुग्रह

नोव्हेंबर म्हणजे आमच्या कार्यालयात जिवंतांचा महिना.
जो तो येतो, टेबलापुढं उभा राहतो,
कागदावर कबूल करतो की मी आहे.

मी पूर्वी नाईक होतो, आता लिपिक.
डाव्या गुडघ्यात एक खिळा आहे.
सोलापुरात थंडी फारशी पडत नाही,
म्हणून तो गप्प असतो.

राजव्वा नरसय्या मेरगू.
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून आलेली,
पदराला तंबाखूचा वास,
बरोबर नातू, रात्रपाळीहून तसाच आलेला,
केसांत टॉवेलचा कापूस.

यंत्राला तिचा अंगठा दिसत नाही.
पुसून लावा. पुन्हा लावा. आता उजवा.
रोजच्या हजार विड्या, पन्नास वर्षं;
अंगठ्याच्या रेघा पानावर गेल्या,
पानं धुरात गेली.
शेवटी डावी करंगळी चालते,
विडी वळताना जिला फारसं काम नसतं.

मग रकाना नऊ.
पुनर्विवाह केला आहे काय?
विचारावंच लागतं. मी फॉर्मकडं बघत विचारतो.
मागल्या वर्षी नुसती हसली होती.
यंदा म्हणाली,
"स्थळ आलंय का साहेब? पेन्शनवाला असला तर बघा की."
नातू खिडकीबाहेर बघायला लागला.

मी म्हटलं, मावशी, खुशखबर आहे,
रक्कम वाढलीय. फरकासकट मिळेल.
"कशाबद्दल?"
मी परिपत्रक वाचलं: सानुग्रह अनुदान.
"म्हंजे?"
नातवानं तेलुगूत काहीतरी सांगितलं, एकच शब्द.
दया, असा असावा.

ती थोडा वेळ काचेखालची यादी बघत राहिली.
वाचता येत नाही तिला.
मग म्हणाली,
"कारखान्यात आमचं सूप उलथं करतात.
कट्टा कट्टा तपासतात,
वाकडी, ढिली, फुटकी विडी छाट म्हणून काढतात,
तिचे पैसे देत नाहीत.
पण चांगली घेतात तिच्या पैशाला
मजुरी म्हणतात साहेब. दया नाही म्हणत.

आमचं माणूस नेलं तुम्ही.
चोवीस वर्षाचं.
छाट नव्हतं ते."

पंखा फिरत होता.
मी रकाना दहा भरला: शेरा — लाभार्थी समक्ष हजर.
त्या रकान्यात तेवढीच जागा असते.
खरं सांगायचं तर जास्त असती
तरी मी तेवढंच लिहिलं असतं.

दारात चप्पल घालता घालता ती थांबली.
"फरक कधीपासनं?"
एप्रिलपासून, मी म्हटलं.
"का? एप्रिलच्या आधी
कमी मेला होता काय तो?"

मी पुन्हा परिपत्रक बघितलं.
दोन्ही पानं, सहीपर्यंत.

तोवर नातवानं रिक्षा थांबवली होती.
तीन वाजता त्याची दुसरी पाळी होती.