धडा आठवा

रसीलाबेन गॅलरीतून विचारतात, "कोण गुजरी गयुं?"
सकाळपासून मी "मोत, मोत" घोकतेय ना.
कोणी नाही हो. कोरियनचा नकार आहे.
मोत म्हणजे जमत नाही.
आन म्हणजे करत नाही, आपली मर्जी.
क्रियापदाच्या अंगाला, डावीकडे, एकच अक्षर,
आपल्या 'न सांगता', 'न विचारता'मधल्या न-सारखं.

आन गायो : जात नाही, मनातच नाही.
मोत कायो : जायचंय खरं, पण गुडघा, पण पासपोर्ट.
मराठीत दोघी एकाच 'जात नाही'खाली
चुलत बहिणींसारख्या पांघरूण ओढत निजतात.
पेढीवरचा मुलगा "श्रीखंड नथी" म्हणतो
त्याला वेगळंच, ओप्सोयो : वस्तूच नाही.
वहीत पाच नकार झाले, लाल शाईत.

पाचांतला एकही कामाला आला नाही
गेल्या डिसेंबरात विहीणबाई देगूहून आल्या तेव्हा.
दांडिया बाजारातलं आमचं तीन खोल्यांचं घर,
पाटावर बसता येईना म्हणून खुर्ची.
श्रीखंडाचा चमचा पुढे केला, त्या म्हणाल्या,
"क्वेंचानायो."
शब्द येत होता मला! ठीक आहे.
वाढलं.
पुन्हा क्वेंचानायो. पुन्हा वाढलं.
तिसऱ्यांदा हेरिमनं माझं मनगट धरलं,
"आई, ती नको म्हणते."
सुनोकबाईंनी तोवर वाटी चाटूनपुसून संपवली होती,
घाम फुटला होता बिचारीला.

रात्री भांडी विसळताना आठवलं,
शार्दूल फोनवर म्हणाला होता,
इथे ये ना आई, एक खोली जास्तीची घेतो.
मी म्हटलं, "असू दे रे."
आमच्याकडे पहिल्या वाढीला असंच म्हणतात.
त्यानं दुसरा चमचा पुढे केला नाही.

आता स्वाध्याय. प्रश्न चौदावा :
तुम्ही देगूला जाता का? नकारार्थी उत्तर लिहा.
पेन्सिलीनं 'गायो' लिहून ठेवलंय,
डावीकडे एका अक्षराची जागा सोडून.
आन लिहिलं तर खोटं.
मोत लिहिलं तर रसीलाबेन पुन्हा विचारतील,
आणि या वेळी काय सांगू त्यांना?
काहीच लिहिलं नाही, तरी वाक्य पुरं होतं.
जाते.